टक्के किती पडले?

हा प्रश्न एरवी दहावी-बारावीच्या निकालाला विचारतात. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांत मात्र तो बारमाही आहे. दिव्यांग बोर्डाच्या दिवशी व्हरांड्यात, जिन्याखाली, लिंबाच्या सावलीत बसलेली माणसं एकमेकांना तोच विचारतात. कुणी बेचाळीस म्हटलं की शेजारचा समाधानानं मान हलवतो, म्हणजे काम झालं. अडतीस म्हटलं की तोच चुकचुकतो. पासाची रेघ इथे चाळीसवर आहे. शरीर जितकं जास्त मोडलेलं, तितका निकाल चांगला.

ही माणसं जवळून आलेली नसतात. चोपडा तालुक्यातलं वैजापूर, यावल-रावेरच्या वरच्या अंगाचे पाडे, शिरपूरच्या पलीकडचा सातपुडा, साक्रीचा पश्चिम भाग इथून पहाटेची पहिली एसटी धरून ती येतात. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जुने एक्स-रे आणि कधीकाळी नाशिकला किंवा मुंबईला हाजी अलीच्या दवाखान्यात केलेल्या तपासणीचा पिवळा पडलेला कागद असतो. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवरूनच द्यायचं आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावात सायबर कॅफेवाल्यानं अर्ज भरलेला असतो आणि त्यात नावाच्या स्पेलिंगचा घोळ असला, तर तो इथे आल्यावर कळतो.

चाळीसच्या रेघेवर बरंच काही टांगलेलं आहे. एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, जे दिव्यांगांसाठी 2025 मध्ये महिना दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. उच्च शिक्षणात 5 टक्के, सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण. दिव्यांगांच्या ओळख-कार्डावरची पट्टीसुद्धा आकड्याप्रमाणे रंग बदलते. चाळीसच्या खाली पांढरी, चाळीस ते ऐंशीपर्यंत पिवळी, त्यापुढे निळी. जिनिंगच्या यंत्रात बोटं गेलेल्या मजुराला आणि त्याच जिनिंगच्या मुनिमाला तसाच अपघात झाला, तर दोघांना टक्के सारखेच पडतील. मुनीम दुसऱ्या हातानं लिहायला शिकेल. मजुराचं काय, हे टक्केवारीच्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही.

हा तक्ता एकदा नीट पाहण्यासारखा आहे, कारण डॉक्टरच्या दुष्टपणामुळे टक्के कमी पडतात असा व्हरांड्यातला समज असतो आणि तो बहुतेकदा खरा नसतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल, तर नियमानं 30 टक्के. म्हणजे नापास. एक कान ठार बहिरा आणि दुसरा उत्तम असेल, तर हिशोब आणखी कडक आहे. चांगल्या कानाच्या तोट्याला पाचनं गुणायचं, त्यात वाईट कानाचा तोटा मिळवायचा, मग सहानं भागायचं. उत्तर येतं सतराच्या आत-बाहेर. आणि दोन व्यंगं असतील तर बेरीज करायची नाही. पायाचे 40 आणि डोळ्याचे 30 मिळून 70 होत नाहीत. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. झाले साधारण 57. माणूस शंभराच्या पुढे अपंग होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज गणित म्हणून बरोबर आहे. बोर्डाच्या टेबलापलीकडे बसलेल्या बाईला ते समजावून सांगायला मात्र कुणाकडे पाच मिनिटं नसतात. ती घरी जाऊन सांगते, तेरा टक्के खाल्ले.

गंमत अशी की कायदा काही वेगळंच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. पण खरा बदल व्याख्येत आहे. शरीरातलं किंवा मनातलं दीर्घकाळचं न्यून आणि भोवतालचे अडथळे एकमेकांना भिडतात आणि त्यातून माणसाचा सहभाग अडतो, ते अपंगत्व, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे पोलिओनं लुळा झालेला पाय ही अर्धीच गोष्ट. दवाखान्याच्या दाराशी असलेल्या चार पायऱ्या ही उरलेली अर्धी. आता पायऱ्यांना टक्के कोण देणार? बोर्ड पाय मोजतो, कारण मोजपट्टी पायापुरतीच आहे.

खानदेशात या एकवीस प्रकारांतला एक प्रकार विशेष भेटतो, तो म्हणजे सिकलसेल. सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर, पावरा, भिल्ल वस्त्यांमध्ये, धुळे-नंदुरबारपासून थेट रावेरपर्यंत तो आहे. भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून तडफडतो. हाडं फुटल्यासारखी दुखतात. आई-बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची.

या दुखण्याची अडचण अशी की ते दिसत नाही. मुलगा धडधाकट चालत येतो, दोन दिवसांनी कळवळत पडतो, आठवड्यानं पुन्हा चेंडू खेळताना दिसतो. शाळेत मास्तर म्हणतात नाटकं करतो. दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरला वाटतं, इंजेक्शनची सवय लागलेली दिसते. खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजून तो लंगडायला लागला, की मग सगळ्यांचा विश्वास बसतो. 2016 च्या कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, हे मोठंच पाऊल होतं. पण नोकरीतलं 4 टक्के आरक्षण ज्या कलमात आहे, त्या कलमात रक्ताचे आजार नाहीत. शिक्षणाच्या दारातून आत, नोकरीच्या दाराशी बाहेर. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 चं लक्ष्य घेऊन. तपासण्या वाढल्या की कार्डं वाढतील. रात्री दोन वाजता कळवळणाऱ्या मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवायला मात्र कुठल्या कार्डाची गरज पडू नये.

आता दवाखान्याच्या इमारतीकडे. शहरातला दवाखाना म्हणजे बहुधा खाली मेडिकल, वर डॉक्टर, मध्ये अरुंद जिना. चालता न येणाऱ्या पेशंटला नातेवाईक खुर्चीसकट उचलतात. त्याला कुणी अडचण म्हणत नाही, माणुसकी म्हणतात. तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला रस्त्यावरून चौघांनी उचलून नेताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर माणुसकीचा हा प्रकार त्याला किती आवडतो ते दिसेल. कायद्याच्या 25 व्या कलमात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही दवाखान्यांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगितलेलं आहे.

रॅम्प असतो, नाही असं नाही. पण कसा? नियम एकास बाराचा आहे. एक फूट चढायला बारा फूट उतरण. जोतं दोन फूट उंच असेल तर चोवीस फुटांचा रॅम्प लागतो, आणि तेवढी जागा बिल्डरनं पार्किंगला दिलेली असते. मग सहा-सात फुटांत तो उरकतात. त्यावरून मोटारसायकल चांगली चढते. व्हीलचेअर चढवायला मागून दोन माणसं लागतात आणि उतरताना पुढून दोन. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना यावरच बोट ठेवलं. सुगम्यतेचे मापदंड नुसते शिफारशीसारखे आहेत, ते सक्तीचे करा, तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं.

आणि शौचालय. जून 2020 मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयात जे घडलं ते जिल्हा विसरलेला नाही. कोरोनाची लागण झालेली 82 वर्षांची एक वृद्धा 2 जूनपासून वॉर्डातून बेपत्ता होती. आठ दिवसांनी, 10 जूनला, तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आलं. त्या वेळची धांदल, मनुष्यबळाची चणचण, साथीची भीती हे सगळं खरं होतं. तरी एक साधी गोष्ट उरतेच. अशक्त, तोल सांभाळत चालणारं माणूस दवाखान्यात सर्वात एकटं असतं ते शौचालयात. सुगम्य शौचालयाच्या मापदंडांत दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं, अडचणीत ते बाहेरून उघडता यावं, खाली पडलेल्या माणसाच्याही हाताला येईल अशी घंटेची दोरी असावी, असं लिहिलेलं असतं. हे लाड वाटतात. पण पायात ताकद नसलेल्या म्हातारीला कुणाच्या बोर्डानं टक्के दिलेले नसतात, आणि त्या दोरीची गरज तिलाही तितकीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सहातला एक माणूस लक्षणीय अपंगत्वासह जगतो, म्हणजे सुमारे 130 कोटी. यातली काही माणसं इतरांपेक्षा वीस-वीस वर्षं आधी मरतात. त्यामागे मूळचं व्यंग थोडं आणि न झालेल्या तपासण्या, उशिरा आलेले निदान, न पोचता आलेले दवाखाने जास्त. भारताच्या 2011 च्या जनगणनेत हे प्रमाण 2.21 टक्के भरलं, महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार लोक. सहातला एक कुठे आणि पन्नासातला एक कुठे. जग आपल्यापेक्षा आठपट अपंग आहे असं नव्हे. आपण विचारतोच असं, की घरातलं माणूस म्हणतं, “आमच्याकडं तसं कुणी नाही.”

उशिरा आलेल्या निदानाची एक ठरलेली वाट आहे. लहानपणापासून सेरेब्रल पाल्सी असलेला तरुण पोटात दुखतं म्हणून येतो. बोलणं अडखळत, मान हलत. डॉक्टर केसपेपरवर आधी ‘सीपी’ लिहितात आणि मग जे काही दिसेल ते त्या दोन अक्षरांच्या खात्यावर टाकतात. चिडचिड करतो? सीपीमुळे. जेवत नाही? सीपीमुळे. अपेंडिक्स मात्र सीपीची वाट पाहत नाही. जुन्या व्यंगाची सावली नव्या दुखण्यावर पडते आणि दुखणं अंधारात राहतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलानं अचानक डोकं आपटायला सुरुवात केली, तर झोपेची गोळी देण्याआधी त्याचे कान आणि दाढा पाहायच्या असतात. कित्येकदा सगळं तिथेच मिटतं.

याच वाटेवर दुसरी खोड. प्रश्न पेशंटला नाही, सोबतच्याला. “काय होतंय याला?” व्हीलचेअरवर बसलेला माणूस पदवीधर असो, बँकेत असो, प्रश्न मागे उभ्या असलेल्या आईला किंवा बायकोला जातो. एखादा धीट असला तर तो अहिराणीत म्हणतो, “माले इचारा ना डाक्टर.” सगळे हसतात, आणि पुढचा प्रश्न पुन्हा आईला.

अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 714 डॉक्टरांच्या पाहणीत 82 टक्क्यांहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं, की गंभीर अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा कमी दर्जाचं असतं असं त्यांना वाटतं. त्याआधी 1999 च्या एका अभ्यासात अपंग माणसांनाच विचारलं होतं, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. आपल्याकडे वेगळं निघेल असं मानायला जागा नाही. ‘बिचारा’ हा शब्द आपल्या वॉर्डांतही घाऊक वापरात आहे. आणि एकदा माणूस बिचारा ठरला की त्याचा रक्तदाब, साखर, डोळ्यांचा नंबर, लैंगिक आजार, कुटुंबनियोजन यांतलं काही विचारायचं सुचत नाही.

वजनाचंच घ्या. उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन बहुतेक केसपेपरवर नसतंच. औषधाचा डोस, भुलीची मात्रा मग अंदाजपंचे. यासाठी परदेशी यंत्र लागतं असं कुणी सांगेल. जळगावच्या कुठल्याही भुसार दुकानात पोत्यांचा प्लॅटफॉर्म काटा असतो. माणूस खुर्चीसकट त्यावर घ्यायचा, मग नुसती खुर्ची तोलायची आणि बारदान वजा करायचं. दाणाबाजारातल्या पोरालाही हे येतं.

बहिऱ्या माणसांची गत निराळी. ओपीडीत नाव पुकारतात, ते त्यांना ऐकू येत नाही, आणि नंबर जातो. बाळंतपणाच्या टेबलावर ‘जोर लाव’ आणि ‘आता थांब’ यांतला फरक कळायला ओठ दिसावे लागतात. कोरोनात तेही मास्कमागे गेले. भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र दिल्लीला 2015 मध्ये झालं, त्याचा शब्दकोशही निघाला, पण तालुक्याच्या प्रसूतिगृहात दुभाषा येईल ही आशा आज कुणी करत नाही. दहा-बारा खुणा सिस्टरांनी आधी ठरवून घेतल्या आणि भिंतीवर चित्रं लावली, तरी रात्र निभते. अंध मधुमेहीची युक्ती त्याच्या बायकोनं शोधलेली असते. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला एक रबर, रात्रीच्या पाकिटाला दोन. इन्सुलिनच्या पेनाची टिकटिक मोजून तो स्वतः डोस लावतो. डॉक्टरांना हे माहीत नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं.

लहान मुलांसाठी निदान एक व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रातून, पालघरहून, 6 फेब्रुवारी 2013 रोजी झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. कानाचा दोष लवकर सापडला तर फार फरक पडतो, कारण कॉक्लियर इम्प्लांटची सरकारी मदत जन्मतः बहिऱ्या मुलाला पाच वर्षांच्या आतच मिळते. पण घरची आजी म्हणते, “बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला.” तिसरं वर्ष जातं, चौथं जातं. मनाच्या आजारांचं तर सगळंच लांब. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. खानदेशात एकही नाही.

बायकांबद्दल लिहिताना महाराष्ट्राला 1994 आठवावं लागतं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंदिगडच्या खटल्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीचा गर्भ तिच्या संमतीविना पाडायला नकार दिला. 2016 च्या कायद्यानं असा संमतीविना गर्भपात करणं गुन्हा ठरवलं. त्यात अगदी गंभीर अपंगत्वाच्या प्रसंगापुरता, डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती घेऊन, अपवाद ठेवला आहे. कागद बदलला. ‘पिशवी काढून टाका, कटकट नको’ असं म्हणणारे आई-बाप अजूनही येतात, आणि त्यांना दटावून भागत नाही. ती मुलगी पाळीत कपडा कसा घेईल हे शिकवायला कुणी बसलं, तर आईची मागणी बहुधा मागे पडते.

हे सारं डॉक्टरांना कुठे शिकवतात? 2019 मध्ये एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि सुरुवातीच्या पायाभूत वर्गात अपंगत्वाचे काही तास आले. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची ती दुसरीच तुकडी. दिल्लीचे डॉ. सतेंद्र सिंह, स्वतः पोलिओग्रस्त, यांनी सहकाऱ्यांसह त्यासाठी बरीच खटपट केली होती. 31 ऑगस्ट 2024 रोजी आलेल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत हे तास गायब झाले. इतरही काही मुद्द्यांवर गदारोळ उठला आणि पाचच दिवसांत सूचना मागे घेतल्या गेल्या. काही तासांनी डॉक्टर शहाणा होतो असं नाही. पण तेवढेही नसतील, तर अपंग माणूस त्याला पहिल्यांदा भेटतो तो बोर्डाच्या टेबलापलीकडे, टक्के मागताना.

की टेबलाच्या याच बाजूला, सहकारी म्हणून? ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या दोन विद्यार्थ्यांच्या खटल्यांत हाच प्रश्न सोडवला. एकाला बोलण्या-भाषेचं अपंगत्व, चाळीसच्या थोडं वर. दुसऱ्याला स्नायूंचा आजार, 88 टक्के. पहिल्याच्या बाबतीत, ज्या चाळीसनं आरक्षणाचं दार उघडतं, त्याच्याच वर गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचं दार बंद होत होतं. न्यायालयानं सांगितलं, नुसता आकडा पाहून अपात्र ठरवू नका, हा विद्यार्थी काय करू शकतो ते तपासा. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘दोन्ही हात शाबूत हवेत’ ही अटही न्यायालयानं फेटाळली.

जळगावात हे कुणाला नवं वाटू नये. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प याच शहरात आहे. अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर मुलं-मुली तिथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. सरकारी दवाखान्याच्या बोर्डावर ज्यांना टक्के पडले, तीच ही पिढी. तिथे टक्के विचारतात ते परीक्षेचे. नुसत्या आकड्यावर दार बंद होणं वैद्यकीपुरतंच नाही. देशातल्या पहिल्या अंध महिला आयएएस अधिकारी प्रांजल पाटील यांना नागरी सेवा परीक्षेच्या 2016 च्या निकालानंतर रेल्वेनं नोकरी नाकारली होती, ती शंभर टक्के अंधत्वाचं कारण देऊन. पुढच्या वर्षी त्या 124 व्या क्रमांकानं आल्या.

मधल्या काळात संशय वाढला आहे. दिव्यांग दाखल्यावरून गाजलेल्या पूजा खेडकर प्रकरणानंतर 2024 पासून प्रत्येक दाखल्याकडे बोगस म्हणून पाहिलं जातं. बोगस दाखले आहेतच, ते पकडायलाही हवेत. पण फेरतपासणीची नोटीस निघते तेव्हा गाडीनं येणारा आरामात येतो. खरा माणूस पुन्हा पहाटेची एसटी धरतो.

दुपारी दीडला बोर्डाचं काम आटोपत येतं. तपासणी झालेल्यांना मोबाइलवर मेसेज येईल असं सांगितलं जातं. ज्यांच्या कानाच्या बेरा तपासणीचं मशीन बंद होतं किंवा डोळ्यांचे डॉक्टर रजेवर होते, त्यांना पुढच्या वारी बोलावतात. व्हरांड्यातली एक आजी नातवाच्या कुबड्या काखेत घेऊन त्याला पाठीवर घेते, कारण स्टँडवर जायच्या रिक्षाची पायरी उंच आहे. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून ती आली होती. तेव्हाही तो चालत नव्हता, आताही चालत नाही.

“किती पडले?” रिक्षावाला विचारतो.

“अजून मोजायचे,” ती म्हणते, आणि चोपड्याची गाडी किती वाजता सुटते ते त्यालाच विचारते.